हाडातल्या इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिकच्या नळ्या: कुणाला अनुभव आहे का?

पाऊलखूण

नमस्कार मंडळी,

बाबांच्या पायाबद्दल विचारायचं आहे. जरा लांबेल, पण तपशील दिल्याशिवाय कुणाला काही सांगता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी अपघातात त्यांची डावी नडगी मोडली. हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. ऑपरेशन करून हाडाच्या पोकळीत रॉड घातला. हाड जुळलं, बाबा चालायला लागले. मग नडगीच्या खालच्या भागात, जुन्या व्रणाशेजारी, एक बारीक तोंड पडलं आणि त्यातून पू यायला लागला. अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू केल्या की ते तोंड मिटतं, वर खपली धरते. गोळ्या थांबल्या की काही दिवसांनी पाय बरोबर त्याच जागी ठणकायला लागतो, रात्री अंग कणकणतं, आणि सकाळी पायजम्याला पिवळा डाग. मागच्या खेपेला पुवाबरोबर हाडाची एक बारीक कपचीसुद्धा बाहेर आली. ती बघून आई पार हादरली.

बाबांना मधुमेह आहे. सिगारेट कमी केली आहे, पण सुटलेली नाही.

आता नवीन डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे आणि एमआरआय बघून ते म्हणाले की इन्फेक्शन रॉडच्या कडेने हाडाच्या पोकळीत पसरलंय आणि आत मेलेल्या हाडाचा एक तुकडा आहे. हाड जुळलेलं असल्यामुळे रॉड काढता येईल. रॉड काढायचा, पोकळी आतून खरवडून धुवायची, मेलेला तुकडा काढायचा, आणि मग काही दिवस नळ्या ठेवायच्या: एकीतून अँटिबायोटिक मिसळलेलं पाणी आत, दुसरीतून बाहेर.

माझ्या डोक्यात तीन प्रश्न आहेत. हाताच्या शिरेतून औषध जाणारच आहे, मग पुन्हा थेट हाडात कशासाठी? एक नातेवाईक म्हणतात की नळ्यांची पद्धत जुनी झाली, आता औषधाचे मणी भरतात. ते खरं का? आणि नळ्या लावल्यावर घरच्या माणसाने शेजारी बसून नेमकं काय बघायचं? रात्री मीच असणार आहे.

रानवाट

पाऊलखूण, माझ्या मांडीच्या हाडात असंच होतं आणि मला नळ्या लावल्या होत्या. आज तोंड बंद आहे, चालतो-फिरतो.

दुखण्याबद्दल बाबा विचारतील. नळ्या आत असल्याचं मला फारसं दुखलं नाही. जड गेलं ते एकाच स्थितीत पडून राहणं. जरा कूस बदलली की नळी अंगाखाली दबायची, बाटलीतली धार थांबायची आणि सिस्टर यायच्या. चादर ओली व्हायची, त्याचा मनस्ताप वेगळा. बाबांना आधीच कल्पना द्या म्हणजे ओली चादर बघून ते घाबरणार नाहीत. पण ओली झाली की लगेच सांगायचं, हेही सांगून ठेवा. मी संकोचाने सांगायचो नाही, आणि शेजारच्या खाटेवरचे काका माझ्या वतीने हाक मारायचे. बाकी तांत्रिक गोष्टी जाणकार सांगतील.

वॉर्डसिस्टर

ताई, मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या बाबांना हीच पद्धत योग्य का, हे मी सांगणार नाही. नोकरीची बहुतेक वर्षं अस्थिरोग वॉर्डात गेली. या नळ्या बसवतात सर्जन, पण त्यांच्यापाशी दिवसरात्र उभं राहायचं काम आमचं. तेवढं मात्र खात्रीने लिहू शकते.

आधी तुमचा पहिला प्रश्न. शिरेतून दिलेलं औषध रक्ताबरोबर जातं. रक्त जिथे पोचत नाही तिथे ते पोचत नाही. मेलेल्या हाडात रक्तवाहिन्या उरलेल्या नसतात, म्हणून तो तुकडा म्हणजे जंतूंना औषधापासून मिळालेला आडोसा. रॉडचंही तसंच. धातूच्या पृष्ठभागावर जंतू स्वतःभोवती एक चिकट थर तयार करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थरातले जंतू मारायला मोकळ्या जंतूंच्या शेकडो पट औषध लागू शकतं, आणि एवढं औषध रक्तातून दिलं तर आधी मूत्रपिंडं जातील. गोळ्यांनी तोंड मिटतं आणि पुन्हा उघडतं, ते त्यामुळेच. गोळ्या आजूबाजूच्या जिवंत मांसातले जंतू मारतात, सूज उतरते, खपली धरते. आतला साठा तसाच राहतो.

ऑपरेशननंतर आणखी एक अडचण असते. हाड खरवडल्यावर आत रिकामी जागा उरते आणि ती रक्ताने भरते. साकळलेलं रक्त म्हणजे जंतूंना आयतं खाद्य, आणि त्या गुठळीतही रक्ताभिसरण नाही. नळ्या दोन कामं करतात: ही जागा साकळू देत नाहीत, आणि शिरेतून कधीच देता येणार नाही एवढं तीव्र औषध थेट त्या जागी पोचवतात.

कल्पना खूप जुनी आहे. पहिल्या महायुद्धात अलेक्सिस कॅरेल आणि हेन्री डेकिन यांनी चिघळलेल्या जखमांमध्ये रबरी नळ्या सोडून ठरावीक वेळाने हायपोक्लोराइटचं जंतुनाशक द्रावण घालायला सुरुवात केली. त्या जखमा उघड्या ठेवलेल्या असत. 1945 मध्ये अमेरिकेतल्या स्मिथ-पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जखम साफ करून शिवून टाकायची आणि आत ठेवलेल्या नळ्यांतून औषध घालायचं-काढायचं, अशी पद्धत मांडली. पुढे दक्षिण आफ्रिकेतले सर्जन लाउटेनबाख यांनी एकाच नळीत दोन वाटा असलेली रचना वापरून ती आणखी बारकाईने बसवली. तिच्यात औषध आत सोडतात, काही काळ तसंच राहू देतात, मग ओढून काढतात, आणि पुन्हा तेच.

हा फरक डॉक्टरांना जरूर विचारा: सतत धार ठेवणार की भरून, थांबून, काढणार? सतत धारेत दिवसाला काही लिटर पाणी जातं, पण पाणी आपली सोपी वाट शोधतं. आत येणाऱ्या नळीपासून बाहेर जाणाऱ्या नळीपर्यंत एक ओघळ तयार झाला की सगळं पाणी त्याच ओघळातून वाहतं, आणि पोकळीचे कोनेकोपरे कोरडेच राहतात. बाटली रिकामी होते, बाहेर तेवढंच येतं, चार्ट अगदी सुरेख दिसतो, आणि धुणं मात्र झालेलं नसतं. भरून थांबण्यात पाणी सगळीकडे पसरायला वाव मिळतो.

आता तुम्ही रात्री काय बघायचं ते.

पहिल्या दिवशी बाहेर येणारं पाणी गडद लाल असतं. ते बघून घाबरू नका. हळूहळू ते गुलाबी होतं, मग फिकट पिवळसर. रंग उतरत जायला हवा. फिकट झालेलं पाणी अचानक पुन्हा लालभडक झालं, तर तेव्हाच सांगायचं, सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही.

पहिल्या चोवीस तासांत सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे गुठळी. बाहेरची नळी जिथे जोडावर दुसऱ्या नळीला मिळते, तिथे आतली वाट थोडी अरुंद होते. उजेडाकडे धरून बघितलं तर कधीकधी तिथे काळपट दोरा अडकलेला दिसतो. त्याच्यामागचं पाणी पुढे सरकत नाही, नुसतं जागच्या जागी मागेपुढे हलतं. हे हलणं फसवं असतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं की नळी वाहतेय. म्हणून खालच्या बाटलीतली पातळी बघायची. नळीवर पट्टी चिकटवून वेळ लिहून ठेवली असेल तर फारच उत्तम, नसेल तर सिस्टरला विचारून लावून घ्या.

दुसरी जागा म्हणजे पोटरीची मागची बाजू. ड्रेसिंग वरून कोरडं, पांढरंशुभ्र दिसतं, पण पाणी उतार धरून खाली जातं. म्हणून नुसतं बघायचं नाही. हात धुऊन, पोटरीखाली, ड्रेसिंगच्या अगदी खालच्या कडेला बोटं टेकवून बघायचं. तिथे गार, दमट लागलं की गळती सुरू झाली असं धरायचं. चार्टवर आकडे बिघडायच्या आधी ही कड सांगते. मी नव्या मुलींना हे पहिल्याच दिवशी शिकवायचे.

मग हिशेब. आत 500 मिलि गेलं आणि बाहेर 350 आलं, तर उरलेलं 150 कुठे गेलं, हा प्रश्न त्याच तासाला विचारायला हवा. ड्रेसिंगमध्ये नाही, चादरीत नाही, म्हणजे ते पायाच्या मांसात शिरतंय. अशा वेळी पोटरी ताठ लागते, कातडी चकाकते, आणि रुग्ण म्हणतो की दुखणं वाढलंय, बोटांत मुंग्या येतायत. वाढत जाणारं, औषधाने न थांबणारं दुखणं आणि ताठ पोटरी ही वॉर्डातली आणीबाणी आहे. तिथे एकच नियम: आत जाणारं पाणी बंद, बाहेर ओढणं चालू, आणि डॉक्टरला बोलावणं. आत जाणाऱ्या नळीचा चाप (क्लॅम्प) कसा बंद करायचा हे सिस्टरकडून आधीच शिकून घ्या, कारण ती वेळ मध्यरात्रीची असते आणि वॉर्डात माणसं कमी असतात. बाहेर जाणारी नळी मात्र तुम्ही कधीही बंद करायची नाही. गुठळी अडकलीय असं वाटलं तरी सिरिंजने ढकलायचं नाही, जोड उघडायचा नाही, बाटली उचलून उंच धरायची नाही. बाटली पायापेक्षा वर गेली तर आलेलं घाण पाणी परत आत जाऊ शकतं.

जोड उघडू नका हे पुन्हा सांगते, कारण या पद्धतीचा मोठा धोका तोच आहे. नळी ही दोन्ही बाजूंनी चालणारी वाट आहे. औषध आत जातं तसे बाहेरचे जंतूही त्याच वाटेने आत जाऊ शकतात. जुन्या जंतूसाठी नळ्या लावल्या आणि काही दिवसांनी पाण्यात स्युडोमोनास नावाचा नवाच जंतू सापडला, असं होतं. म्हणून जेवढी कमी हाताळणी तेवढं चांगलं, आणि नळ्या गरजेपेक्षा एक दिवसही जास्त ठेवायच्या नाहीत. बाहेरचं पाणी तपासणीला जातं, ते आम्ही ठरलेल्या जागेतून निर्जंतुक पद्धतीने घेतो. कुणी बाटलीतूनच नमुना घेताना दिसलं तर नम्रपणे विचारा. बाटलीत साचलेल्या पाण्यात काय वाढलं यावरून हाडात काय आहे ते कळत नाही.

नळ्या कधी काढायच्या याचं उत्तर लाउटेनबाख पद्धतीत छान दिलं आहे: पाण्याच्या लागोपाठ तीन तपासण्या जंतुविरहित, रक्तातले सूज दाखवणारे आकडे उतरलेले, आणि आतली पोकळी भरत आलेली. पोकळी भरतेय हे, आत किती पाणी मावतं त्यावरून कळतं. काढतानाही आधी आत जाणारं बंद करतात, ओढणं आणखी थोडा काळ चालू ठेवतात, आणि मग नळी काढतात. आत डबकं राहू नये म्हणून.

आणखी एक, जे मधुमेहामुळे तुमच्या बाबांच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे: टाच. सगळ्यांचं लक्ष नळ्यांकडे असतं आणि तिकडे टाच गादीवर टेकून टेकून काळी पडते. पोटरीखाली उशी द्यायची, टाच हवेत अधांतरी राहील अशी. दुसरी टाचही बघायची. मधुमेहात संवेदना कमी असल्यामुळे दुखत नाही, म्हणून त्यांच्या सांगण्यावर विसंबून राहू नका. रोज मोबाइलचा दिवा लावून दोन्ही टाचा स्वतः बघा.

डॉ. अस्थिरोग

सिस्टरांनी लिहिलंय त्यात दुरुस्ती करण्यासारखं काही नाही. मी ऑपरेशनच्या बाजूने थोडी भर घालतो.

नळ्या, मणी, सिमेंट या सगळ्या गोष्टी दुसऱ्या क्रमांकावर येतात. पहिल्या क्रमांकावर आहे मेलेलं हाड किती प्रामाणिकपणे काढलं ते. हाड खरवडत जाताना एक टप्पा येतो, जिथे पांढरट, कोरड्या पृष्ठभागावर लाल ठिपके उमटायला लागतात, बारीक बारीक रक्त पाझरतं. तिथून पुढे हाड जिवंत आहे. त्या अलीकडे थांबलो, तर कितीही औषधाने धुतलं तरी तोंड पुन्हा उघडतं. तुमच्या डॉक्टरांनी रॉड काढणं, पोकळी खरवडणं आणि तुकडा काढणं हे आधी सांगितलं आणि नळ्या शेवटी सांगितल्या. हा क्रम बघून मला बरं वाटलं.

मण्यांबद्दल. तुमचे नातेवाईक म्हणतात ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. 1970 च्या दशकात हाडाच्या सिमेंटमध्ये (कृत्रिम सांधे बसवताना वापरतात तो घट्ट होणारा लगदा) जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळून केलेले मणी आले आणि नळ्यांचा वापर हळूहळू मागे पडला. मणी घालून जखम शिवून टाकली की नळीची वाटच राहत नाही, रुग्ण उठून बसू शकतो. सिमेंटचे मणी नंतर सहसा पुन्हा ऑपरेशन करून काढावे लागतात. कॅल्शियम सल्फेटचे मणी आपोआप विरघळतात, पण त्या काळात जखमेतून पाणी येत राहू शकतं आणि घरच्यांना तो पूच वाटतो. रॉड घातलेल्या पोकळीतल्या इन्फेक्शनसाठी आणखी एक पर्याय आहे: अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचं आवरण दिलेला रॉड काही आठवडे आत ठेवणं.

माझ्या स्वतःच्या रुग्णांमध्ये मी आज बहुतेक वेळा मणी किंवा असा रॉड निवडतो. तरीही नळ्यांची योजना चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. मणी एकदा घातले की त्यातलं औषध बदलता येत नाही. तपासणीचा अहवाल चार-पाच दिवसांनी आला आणि जंतू त्या औषधाला दाद देत नाही असं निघालं, तर मणी तसेच आत राहतात. नळ्यांमध्ये औषध त्याच दिवशी बदलता येतं, आतल्या पाण्याची तपासणी पुन्हा पुन्हा करता येते, आणि पोकळी भरत चाललीय का हे मोजता येतं. लांबलचक पोकळी, आधी मणी घालूनही परतलेलं इन्फेक्शन, अनेक औषधांना न जुमानणारा जंतू, अशा ठिकाणी अनुभवी हातांत नळ्या चांगलं काम देतात. अट एवढीच की रात्रंदिवस लक्ष देणारं नर्सिंग हवं. ते नसेल तर मी स्वतः नळ्या लावणार नाही. हेही सांगायला हवं की या पद्धतीच्या बाजूचा पुरावा मुख्यतः एकेका केंद्रातल्या रुग्णांच्या नोंदींचा आहे.

आता डॉक्टरांशी बोलताना मी तुमच्या जागी असतो तर काय विचारलं असतं?

हाडाचे नमुने घेणार का, आणि किती? तोंडातून कापसाच्या बोळ्याने घेतलेल्या पुवात बऱ्याचदा कातडीवरचेच जंतू निघतात, आतला खरा जंतू वेगळा असू शकतो. ऑपरेशनमध्ये खोलवरून वेगवेगळ्या जागचे अनेक नमुने घ्यायला हवेत. पेशंटची तब्येत स्थिर असेल तर त्याआधी साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवतात, म्हणजे जंतू वाढून दिसतो. हे मात्र डॉक्टरांनी सांगितल्यावरच. आपल्या मनाने गोळ्या थांबवू नका. नमुन्यातला एक भाग क्षयाच्या तपासणीला आणि एक सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला जायला हवा. तोंड अनेक वर्षांचं असेल तर त्याच्या कडेची बायोप्सीही महत्त्वाची, कारण फार जुन्या वाहत्या तोंडाच्या जागी क्वचित कॅन्सर होतो. त्याला मार्जोलिन व्रण म्हणतात. बाबांना तो आहे असं मी अजिबात सुचवत नाही, पण तपासून मोकळं व्हावं.

दुसरं, पाण्यात कोणतं औषध आणि त्याचं रक्तातलं प्रमाण कसं बघणार? थेट जागेवर दिलेलं औषधही थोडं रक्तात शोषलं जातं. जेंटामायसिनच्या गटातली औषधं मूत्रपिंडाला आणि कानाला अपाय करू शकतात, आणि मधुमेहात मूत्रपिंड आधीच नाजूक असू शकतं. क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) किती आहे ते ऑपरेशनच्या आधी बघा, आणि नळ्या असताना पुन्हा पुन्हा. बाबा म्हणाले की कानात आवाज येतोय किंवा गरगरतंय, तर ते म्हातारपणावर ढकलू नका. पाण्यात मिसळलेलं औषध निरुपद्रवी असतं असा समज जुना आहे. बॅसिट्रासिन नावाचं अँटिबायोटिक वर्षानुवर्षं जखमा धुवायच्या पाण्यात मिसळलं जायचं. त्याचं इंजेक्शन 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बाजारातून काढून घ्यायला सांगितलं, कारण मूत्रपिंडाला इजा आणि तीव्र ॲलर्जी.

तिसरं, नंतर शिरेतून किती दिवस आणि गोळ्यांवर कधी? पूर्वी हाडाच्या इन्फेक्शनला सहा आठवडे शिरेतूनच औषध, असा दंडक होता. ब्रिटनमधल्या 1,054 रुग्णांच्या ओव्हिवा चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. त्यात योग्य निवडलेल्या गोळ्या पहिल्या सहा आठवड्यांत शिरेतल्या औषधापेक्षा कमी ठरल्या नाहीत. म्हणजे जंतूला चालणारी गोळी असेल तर बाबांना उगाच सहा आठवडे सुई टोचून ठेवायची गरज पडेलच असं नाही.

रॉड निघाल्यावर हाड काही काळ कमकुवत असतं. वजन कधी आणि किती टाकायचं ते लिहून घ्या.

आणि सिगारेट. कमी केली याचं कौतुक आहे, पण इथे कमी पुरत नाही. ऑपरेशनने जे हाड उघडं पडतं त्याला नवीन रक्तपुरवठा मिळायला हवा आणि निकोटिन नेमक्या त्याच बारीक वाहिन्या आवळतं. बाबांना माझ्या वतीने सांगा की सर्जन त्याचं काम करेल, सिस्टर त्यांचं करतील, पण हा एक भाग दुसरं कुणी करू शकत नाही.

पाऊलखूण

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला आणि तिने पोटरीखालच्या कडेचं वाक्य दोनदा वाचायला लावलं.

काल डॉक्टरांना भेटलो. प्रश्न लिहूनच नेले होते. ते भरून, थांबून, काढायची पद्धत वापरणार आहेत. नमुने पाच-सहा ठिकाणांहून घेणार, क्षयाचीही तपासणी करणार, तोंडाची कड कापून पाठवणार. बाबांचं क्रिएटिनीन थोडं वर आहे, म्हणून जेंटामायसिन टाळून जंतूचा अहवाल बघून औषध ठरवू म्हणाले. तोपर्यंत नुसत्या सलाइनने धुणार. गोळ्या त्यांच्या सांगण्यावरून आजपासून बंद केल्या आहेत. ताप आला किंवा पाय लाल झाला तर लगेच या, असं बजावलंय.

डॉ. अस्थिरोग, सिगारेटबद्दलचं तुमचं वाक्य बाबांनी स्वतः वाचलं. काही बोलले नाहीत, पाकीट मात्र आईकडे दिलं.

सिस्टर, एकच विचारायचंय. बाबा आधीच घाबरलेत की नळ्या असताना पाय हलवला तर सगळं निसटेल. पाय अजिबात हलवायचा नाही का? आणि नळ्या निघाल्यावर घरी काय बघायचं?

वॉर्डसिस्टर

ताई, अहवाल येईपर्यंत नुसतं सलाइन ठेवणं हा चांगला विचार आहे. त्याने पोकळी साकळत नाही आणि मूत्रपिंडावर भारही नाही.

पाय हलवायचाच आहे. नळ्या कातडीला टाक्याने बांधलेल्या असतात, शिवाय वरून चिकटपट्टी. पाऊल वर-खाली करणं, बोटं हलवणं, मांडीचा स्नायू आवळून सोडणं याने त्या निसटत नाहीत. उलट दिवसभर पाऊल हलवलं नाही तर घोटा आखडतो आणि शिरेत गुठळी व्हायचा धोका वाढतो. निसटतात त्या वेगळ्याच वेळी: बेडपॅन देताना, चादर बदलताना, एक्स-रेला नेताना. माणूस सरकतो आणि नळी खाटेच्या कठड्यात अडकलेली असते. म्हणून बाबांना हलवायच्या आधी एकाने नळ्या हातात घ्यायच्या, कुठे अडकल्या नाहीत ना ते बोट फिरवून बघायचं, आणि मगच बाकीच्यांनी उचलायचं. वॉर्डबॉय घाईत असले तरी त्यांना थांबवा, कुणी रागावत नाही. नळी कातडीतून बाहेर येते तिथे मार्करने एक खूण करून मागा. ती खूण कातडीपासून लांब गेली की नळी सरकली असं समजायचं. सरकलेली नळी परत आत ढकलायची नाही, कुणालाही ढकलू द्यायची नाही.

बाबांना एक काम द्या. दर तासाला पाऊल दहा वेळा वर-खाली, आणि ते त्यांनी स्वतः वहीत टिपायचं. घाबरलेल्या माणसाला हाताला काम असलं की बरं वाटतं, आणि डॉक्टरांना नोंदही मिळते. साखरेचे आकडेही त्याच वहीत लिहा. ऑपरेशननंतर साखर चढते, आणि ती आटोक्यात नसली तर जखम धरत नाही.

नळ्या निघाल्यावर त्या भोकांतून एक-दोन दिवस पातळ, पिवळसर पाणी येऊ शकतं. ते दिवसागणिक कमी व्हायला हवं. वाढलं, घट्ट झालं, वास यायला लागला, पाय पुन्हा रात्रीचा ठणकू लागला किंवा ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. सगळं छान दिसत असलं तरीही तपासणीच्या तारखा चुकवू नका, कारण हे इन्फेक्शन महिन्यांनी, कधी वर्षांनीही परतू शकतं. आणि जुन्या व्रणाची जागा आठवड्यातून एकदा उजेडात बघत राहा. लाली, फुगवटा किंवा हाताला गरम लागणं, यातलं काहीही दिसलं की घरात उरलेल्या जुन्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत. आधी डॉक्टर, मग गोळी. नाहीतर पुढच्या तपासणीत जंतू सापडत नाही.